एक आखूड ओळ

पानाइतने आयुष्यभर ब्राइलाच्या बंदरात क्रेन चालवली. डॅन्यूबच्या काठावर उंच टांगलेल्या काचेच्या खोलीत तो बसायचा, वरून घंटा द्यायचा, आणि खालच्या माणसाने हात वर केल्याशिवाय ओझं जागचं हलवायचा नाही. मुकादम शिव्या घालो, जहाजाचा कप्तान थयथयाट करो, हात दिसला नाही की हा ढिम्म. बंदरात त्याच्या हट्टीपणाची टिंगल व्हायची. पण दुसऱ्यांच्या क्रेनखाली माणसं चिरडली, याच्या क्रेनखाली कधी कुणाचं बोटही सापडलं नाही, हे टिंगल करणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

म्हणून त्याचा एकुलता एक मुलगा, तिबी, स्पेनला बांधकामावर निघाला, तेव्हा बापाला कम्प्युटर शिकवणं त्याला फारसं जड गेलं नाही. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला जुना डबा त्याने आणला, वर कॅमेरा चिकटवला आणि पडद्यावर एक काळी खिडकी उघडून दाखवली.

"बाबा, इथे पिंग लिहायचं आणि पुढे तळघरातल्या नेटच्या पेटीचा पत्ता. म्हणजे तू घंटा दिलीस. खालच्याने हात वर केला की ही अशी लांबलचक ओळ येते, आकड्यांनी भरलेली. हात नाही आला की ही एवढीशी आखूड ओळ."

"आणि लिहिलंय काय त्यात?"

"इंग्रजी आहे. तुला काय करायचंय? लांब म्हणजे आहे, आखूड म्हणजे नाही."

"बरं आहे की," पानाइत म्हणाला. "तुझ्या आईपेक्षा सरळ बोलतं."

तळघरातल्या पेटीनंतर दुसरा पत्ता होता स्पेनचा, तिबी राहायचा त्या गावातल्या एका वर्तमानपत्राचा. पेटीकडून लांब ओळ आली, स्पेनकडूनही आली, की वाट मोकळी. शेवटी एक अक्षर लावलं की हे घंटा देणं आपण थांबवेपर्यंत चालूच राहायचं. रोज सकाळी कॉफीचं भांडं गॅसवर चढवून पानाइत आधी घंटा द्यायचा आणि लांब ओळी एकीखाली एक सरकताना बघत कॉफी प्यायचा. मुलाशी पडद्यावर बोलणं रविवारचं. पण मुलाकडे जाणारी वाट धड आहे हे बघितल्याशिवाय त्याचा दिवस सुरू व्हायचा नाही. म्हाताऱ्या माणसांना देव लागतो म्हणतात. पानाइतचं या ओळींवर भागत होतं.

हे नेट कुठल्या कंपनीचं नव्हतं. आमच्या जिन्याचं होतं. तळमजल्यावरचा रेलू हा मुळात वेल्डर, पण त्याला वायरींचं वेड. तळघरात खारवलेल्या कोबीच्या पिंपाशेजारी त्याने एक पेटी ठेवली होती आणि तिथून वायरी निघून जिन्यातून, खिडक्यांतून, बाहेरच्या लिंडनच्या झाडांवरून या ब्लॉकमधून त्या ब्लॉकमध्ये गेल्या होत्या. पाऊस झाला की अर्धा ब्लॉक मुका व्हायचा आणि रेलूला शिव्या पडायच्या. तरी चालायचं. आमच्याकडे एका जिन्यावर राहणाऱ्यांचं सगळंच एक. दाराच्या कुलपाचा आकडा एक, गच्चीवरचा अँटेना एक, पाण्याचं मीटर एक आणि त्यावरून होणारं भांडणही एकच, वर्षानुवर्षांचं. याच सवयीने पुढे घात केला.

गुरुवारी तिबी परांचीवरून पडला. कळवलं त्याच्याबरोबर काम करणाऱ्या जिलूने. तोही आमच्याच गावचा, बोलताना रडू दाबणारा पोरगा. विमानात जागा मिळेना, स्पेनची बस सोमवारी होती. पानाइतने बॅग भरून दाराशी ठेवली आणि तो सोमवारची वाट बघत बसला, सकाळची घंटा द्यायचंही त्याला सुचलं नाही. शनिवारी सकाळी जिलूचा पुन्हा फोन आला.

"नेआ पानाइत," तो म्हणाला. वयाने मोठ्या माणसाला आमच्याकडे नेआ म्हणतात. "नेआ, डॉक्टर म्हणतात आता त्यांच्या हातात काही नाही. यंत्रं काढली. वेगळ्या खोलीत ठेवलंय. सोमवार फार लांब आहे, नेआ. दुपारसुद्धा लांब आहे."

पानाइतने दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघितलं.

"त्याला काहीतरी सांगायचंय. कानाशी धरतो फोन, ऐका."

आधी नुसता श्वास ऐकू आला, मग तिबीचा आवाज, विहिरीच्या तळातून यावा तसा.

"बाबा. मेणबत्ती. तूच पेटव."

आमच्याकडे माणसाने अंधारात जायचं नसतं. शेवटच्या श्वासाला हातात पेटती मेणबत्ती हवी, ती आपल्या माणसाने पेटवलेली हवी. तीच पुढची वाट दाखवते म्हणतात. 'मेणबत्तीविना मरशील' याहून वाईट शाप आमच्या बायकांना ठाऊक नाही, आणि त्यांना पुष्कळ शाप ठाऊक आहेत. पानाइतची बायको साफ्ता तशीच गेली होती. न्हाणीघरात, एकटी, दाराला आतून कडी. पानाइत तेव्हा पाळीवर, वर क्रेनमध्ये. तिबी शाळेतून आला आणि त्याने दार ठोठावलं. त्यावर बापलेकांत पुढे कधी अवाक्षर झालं नाही. पानाइतला वाटायचं, पोरगा विसरला.

"इथे ऑक्सिजन लावलाय," जिलू पुन्हा फोनवर आला. "काडी ओढू देत नाहीत. नर्सला विचारलं तर तिने मला वेड्यात काढलं. म्हणून मी लॅपटॉप आणलाय. तुम्ही तिकडे पेटवा, त्याला इथे दिसेल."

"दिसेल ना रे?"

"डोळे उघडे आहेत. पण लवकर करा."

देवाच्या तसबिरीमागे ईस्टरच्या रात्रीची मेणाची मेणबत्ती होती. पानाइतने ती काढली, पेटवली, डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताने तिबीच्या नावावर दाबलं. गोल फिरत राहिलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. त्याने काळी खिडकी उघडली, एका बोटाने एकेक अक्षर शोधत घंटा दिली.

आखूड ओळ आली. तिच्याखाली आणखी एक आखूड. मग एकदम लांब, पुन्हा लांब, आणि तो तिबीच्या नावाकडे वळेपर्यंत परत आखूड, आखूड, आखूड. हे त्याने कधी बघितलं नव्हतं. पेटी बंद पडली की सगळ्याच ओळी आखूड यायच्या. इथे खालचा माणूस हात वर करत होता आणि लगेच खाली घेत होता. मेण वितळून पानाइतच्या बोटांवर आलं, ते त्याला कळलंसुद्धा नाही. त्याने रेलूला फोन लावला.

रेलू नदीपलीकडे माचिनला होता, मेव्हण्याच्या लग्नात. ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू व्हायच्या आत सगळ्यांना लग्नं उरकायची असतात. मागे क्लॅरिनेट कोकलत होतं.

"नेआ, आत्ता? सोमवारी बघतो की! परतीची फेरीबोट संध्याकाळी आहे."

"माझा तिबी चाललाय रेलू," पानाइत म्हणाला. "आत्ता चाललाय. मला त्याला मेणबत्ती दाखवायचीय."

क्लॅरिनेट दूर गेलं. रेलू बाहेर अंगणात आला असावा.

"सांगा. काय दिसतंय?"

"ओळी येतात आणि जातात. आणि कोपऱ्यात ते पिवळं."

"कसलं पिवळं?"

"फुगा येतो. गुरुवारपासून येतोय. मी बंद करतो."

"वाचलात का?"

"इंग्रजी आहे ते! तूच म्हणतोस ना, जे येईल ते बंद करा?"

"नेआ, आता आला की एकेक अक्षर वाचा. दादा, वाचा तेवढं."

फुगा आला. पानाइत चष्मा कपाळावरून खाली ओढून शाळेतल्या पोरासारखा अक्षरं सांगू लागला. तिसऱ्या शब्दाला रेलूने त्याला थांबवलं.

"कळलं. तुमचा पत्ता दुसऱ्या कुणीतरी लावलाय. एकाच आकड्यावर दोन मशीन बसलीत. पेटी एकदा तुम्हाला उत्तर देते, एकदा त्याला. तुमचे आकडे कुणाला दिलेत का?"

पानाइतला आठवलं.

वरच्या मजल्यावरच्या झाम्फिराला दिले होते. तिची मुलगी इटलीत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते. तिने आईला लॅपटॉप पाठवला आणि गुरुवारी, जिलूचा फोन यायच्या आधी, रेलू नुसती वायर जोडून लग्नाला निघून गेल्यावर झाम्फिरा लॅपटॉप पोटाशी धरून खाली आली.

"पानाइत, तुम्ही यातले पंडित. हे चौकोन विचारतायत, काय भरू?"

पंडित म्हटल्यावर माणूस फुगणारच. त्याने आपले आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले.

"अहो, हळू! आकडे सांगताय की सोडतीचा निकाल?"

"दाराच्या कुलपासारखंच असतं, तांती झाम्फिरा," त्याने तिला समजावलं होतं. तांती म्हणजे आमच्याकडची मावशी. "जिन्याचा आकडा एकच." आणि आपल्या ज्ञानावर खूश होऊन तिने दिलेली प्लमची दारूही प्यायला होता.

"मीच दिले," तो फोनवर म्हणाला. "झाम्फिराला."

"अरे देवा. आता तुम्ही नवे आकडे टाकले तरी पेटी ओळखायची नाही, मी इथून तिला शिकवू शकत नाही. तळघराची किल्ली माझ्या खिशात आहे. तिचं मशीन बंद करायला लावा. लगेच वाट मोकळी होईल."

घर पेटू नये म्हणून पानाइतने मेणबत्ती फुंकून विझवली, बशीत ठेवली, आणि तो जिना चढला. गुडघे कधीचे गेलेले, कठड्याला धरून स्वतःला ओढत चढला. दार ठोठावलं. बेल दाबून धरली. झाम्फिराच्या मोबाइलला फोन लावला, तर तो दारामागेच वाजायला लागला. अर्थात. उपासाआधीचा हा मृतांचा शनिवार, जिन्यातल्या झाडून सगळ्या बायका उकडलेल्या गव्हाच्या थाळ्या घेऊन स्मशानातल्या चर्चला गेलेल्या, आणि देवाच्या दारात फोन न्यायचा नाही हा झाम्फिराचा नेम. जिवंत माणसाला आज जिन्यात कुणी वाली नव्हता. आतून मात्र लॅपटॉपचा बारीक टुणटुण आवाज येत होता. मुलीने बजावलं होतं, 'आई, कधी बंद करू नकोस, तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला की मला बरं वाटतं.'

"तांती झाम्फिरा!" पानाइत रिकाम्या घरावर ओरडला. त्याने दारावर खांदा मारला. त्या खांद्यात आता काय उरलं होतं? दार हललंही नाही.

जिन्याच्या भिंतीवर विजेच्या मीटरांचं कपाट होतं. त्याने तिच्या घराची वीज पाडली आणि तसाच खाली येऊन घंटा दिली. आखूड, आखूड, लांब, आखूड.

"रेलू, वीज घालवली तिची! तरी येतंय!"

"लॅपटॉपला बॅटरी असते नेआ! तासन्‌तास चालते!" रेलूचा आवाज आता पानाइतपेक्षाही रडवेला झाला होता. "वायर. तिच्या दाराच्या चौकटीतून बाहेर आलेली करडी वायर असेल. ती कापा. मी नंतर जोडून देईन, जे बोलेल ते ऐकून घेईन. कापा!"

स्वयंपाकघरातली कात्री घेऊन तो दुसऱ्यांदा वर चढला. चौकटीच्या कोपऱ्यातून वायर आली होती, तिच्यावर झाम्फिराने हौसेने पांढरा रंग मारला होता. कात्री लावताना एक क्षण त्याचा हात थांबला. वायरीच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी मुलगी होती. हिरवा ठिपका गेला की ती इटलीत कुठल्या तरी म्हातारीला भरवताना घाबरणार होती. आपण काय करतोय हे त्याला पक्कं कळत होतं. त्याने दोन्ही हातांनी कात्री दाबली. जुनी कात्री, चावत चावत कापली गेली वायर.

खाली येताना तो शेवटच्या पायऱ्या जवळजवळ घसरत उतरला. काळी खिडकी चालूच होती. लांब ओळ. लांब. लांब. त्याने स्पेनचा पत्ता लिहिला, तिकडूनही लांब. त्याच्या घशातून हुंदका फुटला, आणि बरं वाटलं म्हणून आलेला तो हुंदका होता हे सांगायला लाज कसली? त्याने तिबीच्या नावावर दाबलं. एकदाच वाजलं आणि चित्र आलं.

उशीवर तिबी होता. नाकाला नळी, गाल आत गेलेले, दाढी वाढलेली. बापाला तो आपल्या मेलेल्या भावासारखा दिसला. पण डोळे उघडे होते, आणि चित्र येताच ते हळूहळू वळले, पडद्यावर, थेट पानाइतवर येऊन थांबले.

"दिसतोय का रे मी? जिलू, त्याला दिसतोय का?"

"दिसताय नेआ. बघतोय तुमच्याकडे." जिलू लॅपटॉप धरून मागे उभा असावा, त्याचा नुसता आवाज येत होता. "मेणबत्ती, नेआ."

मेणबत्ती विझवून ठेवलेली. पानाइतने काडेपेटी शोधली. ती खिशात नव्हती, बशीजवळ नव्हती, गॅसपाशी होती. "थांब हं राजा, थांब, आलोच," असं बोलत तो स्वयंपाकघरात गेला आणि आला. पहिली काडी मोडली. दुसरीचं डोकं उडालं. जहाजाएवढी ओझी सुईच्या नेमाने उतरवणारे ते हात, एक काडी पेटवता येईना त्यांना. तिसरी पेटली. वात धरेपर्यंत त्याने श्वासही घेतला नाही. मग ज्योत तळहाताने झाकत तो पडद्याकडे वळला आणि मेणबत्ती कॅमेऱ्यासमोर धरली.

"ही बघ, तिबी. बघ, पेटवली. मीच पेटवली."

तिबीचे डोळे पडद्यावरच होते.

"मला माफ कर, पोरा," पानाइत म्हणाला. जाणाऱ्याची माफी मागायची असते, आणि त्याने 'देव माफ करो' एवढंच म्हणायचं असतं. मोठ्याने नाही जमलं तर ओठांनी. "तुझ्या आईच्या वेळी मी नव्हतो. मला माफ कर."

तो ओठांकडे बघत राहिला. ओठ हलले नाहीत. पापणी हलली नाही. उशीवरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"जिलू, चित्र अडकलं," पानाइत म्हणाला. "जिलू, अडकलं रे. त्याने बघितली का? अडकायच्या आधी बघितली का त्याने?"

पलीकडून काही आलं नाही.

आणखी कुणाला दिले होते का आपण आकडे? की झाम्फिरा परत आली? पानाइत आठवू लागला. असेल, कुणाला तरी दिले असतील, आपण मूर्खच. डाव्या हातात मेणबत्ती सांभाळत त्याने उजव्या हाताने काळी खिडकी पुढे ओढली. आयुष्यभर तो हात वर येण्याची वाट बघत बसला होता. आता त्याने घंटा दिली आणि देवापाशी एवढंच मागितलं, की उत्तर येऊ नये. एक आखूड ओळ दे, देवा. एकच.

लांब ओळ आली. तिच्याखाली लांब. त्याने पत्ता बदलला, स्पेनला घंटा दिली. लांब, लांब, लांब. सगळे हात वर. एवढी धड वाट त्याने कित्येक महिन्यांत बघितली नव्हती. ओळी खाली सरकत राहिल्या आणि त्यांच्या शेजारच्या चौकोनात तिबी त्याच्याकडे बघत राहिला.

"जिलू," पानाइत शेवटी म्हणाला. "लाइन खराब आहे ना?"

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं.

"हो, नेआ," जिलू म्हणाला. "लाइन खराब आहे."

"मग मी धरून ठेवतो. लाइन आली की दिसायला हवी त्याला."

"धरा, नेआ. धरून ठेवा."

खरखर नाही, तुटणं नाही. जिलूचा आवाज इतका स्वच्छ आला, की पोरगा शेजारच्या खोलीतूनच बोलतोय असं वाटावं.